यांग घराण्याची ताई ची : पिढी रक्ताने मोजायची की गुरूने?

शोधयात्री

पुण्या-मुंबईत ताई ची या संथ हालचालींच्या चिनी युद्धकलेचे वर्ग आता नवे राहिलेले नाहीत. त्यांच्या माहितीपत्रकांत शिक्षकाच्या नावापुढे 'यांग परंपरेची अमुक पिढी' असा उल्लेख पुष्कळदा असतो. त्या आकड्याचा नेमका अर्थ काय, तो कशावरून ठरतो आणि शिकणाऱ्याने त्याला किती महत्त्व द्यावे, याची नीट चर्चा व्हावी यासाठी हा धागा काढत आहे. चेन, वू, सुन या शाखांचा विषय ओघात येईलच, पण सुरुवात यांग घराण्यापासून करतो, कारण जगभर सर्वाधिक शिकवली जाते ती त्यांचीच पद्धत.

घराण्याचे मूळपुरुष यांग लूचान (1799–1872). हे आजच्या हपेइ प्रांतातील युंगन्यानचे. घरची परिस्थिती बेताची होती. हनान प्रांतातील चेनजियागोउ या गावी चेन कुळात एक युद्धकला पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती आणि ती कुळाबाहेर सहसा दिली जात नसे. लूचान तेथे चेन चांगशिंग यांच्याकडे शिकले. ते घरगडी म्हणून राहिले आणि भिंतीच्या फटीतून तालीम पाहून शिकले, ही कथा फार लोकप्रिय आहे, पण तिला आख्यायिकेपेक्षा अधिक वजन देऊ नये. निश्चित एवढेच की चेन कुळाबाहेरच्या माणसाने ही विद्या घेतली आणि पुढे राजधानी बीजिंगमध्ये तेव्हाच्या राज्यकर्त्या मांचू जमातीच्या सरदारांच्या वाड्यांत व शाही पहारेकऱ्यांच्या पथकांत शिकवून तिला नाव मिळवून दिले. 'अजिंक्य यांग' हे त्यांचे टोपणनाव त्या काळातले.

लूचान यांच्यानंतर विद्या त्यांच्या दोन मुलांकडे आली, थोरले बानहौ (1837–1892) आणि धाकटे ज्येनहौ (1839–1917). तिसऱ्या पिढीत ज्येनहौंचे दोन मुलगे, शाओहौ (1862–1930) आणि छंगफू (1883–1936). चौथ्या पिढीत छंगफूंचे चार मुलगे, झेनमिंग, झेनजी, झेनडुओ आणि झेनगुओ. झेनडुओंचे नातू यांग जुन यांचा जन्म 1968 चा, आणि ते 1999 पासून अमेरिकेतील सिएटलला राहून शिकवत आले आहेत.

आता मोजून पाहा. लूचानांपासून रक्ताने मोजल्यास यांग जुन सहाव्या पिढीचे ठरतात. मात्र घराण्याचे अधिकृत वारसदार म्हणून त्यांचा क्रमांक पाचवा लागतो, कारण तो क्रम लूचान, ज्येनहौ, छंगफू, झेनडुओ आणि जुन असा लावला जातो. मधल्या पिढीतील त्यांच्या वडिलांचे नाव या यादीत नाही. आजोबांनी 2009 मध्ये वारसा थेट नातवाकडे सोपवला. म्हणजे एकाच माणसाच्या नावापुढे पाच आणि सहा हे दोन्ही आकडे येऊ शकतात आणि दोन्ही खरे असतात. खुद्द घराण्यात ही स्थिती असेल, तर घराण्याबाहेरच्या शिष्याने लावलेला आकडा वाचताना किती सावध राहायला हवे, हा माझा मुद्दा आहे. जाणकारांनी भर घालावी.

पाऊलवाट

उत्तम विषय. एक शंका आहे. वारसदारांच्या यादीत दुसरे नाव धाकट्या ज्येनहौंचे आहे. थोरले बानहौ लढवय्ये म्हणून अधिक गाजलेले असताना ते या क्रमात का नाहीत?

शोधयात्री

पाऊलवाट, या क्रमात बानहौंचे कौशल्य कमी लेखलेले नाही. आजचे घराणे ज्येनहौंच्या वंशाचे आहे, त्यामुळे मागे वळून लावलेली यादी त्यांच्यातूनच जाते. परंपरेत बानहौंचे वर्णन तापट आणि शिकवताना हात राखून न ठेवणारे गुरू असे येते. त्यांच्यापुढे टिकणारे शिष्य थोडे होते. ज्येनहौ शांत स्वभावाचे, आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांची संख्या मोठी होती. पण शिकवणीचा प्रवाह या यादीपेक्षा वेगळा वाहिलेला दिसतो, कारण ज्येनहौंचे थोरले चिरंजीव शाओहौ यांची बरीचशी तालीम काका बानहौंच्या हाताखाली झाली. म्हणजे तिसऱ्या पिढीतच एका भावाच्या अंगात वडिलांपेक्षा काकांचा हात अधिक उतरला होता.

निरंजन

पिढीचा आकडा किती फसवा असू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण वू शाखेत आहे, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

वू छ्वानयौ (1834–1902) हे मांचू कुळातील, शाही पहारेकऱ्यांच्या पथकातले. परंपरा असे सांगते की ते आणि त्यांचे दोन सहकारी प्रत्यक्षात लूचान यांच्याकडे शिकले, परंतु लूचान त्याच वेळी राजघराण्यातील मंडळींनाही शिकवत होते. साधे पहारेकरी आणि राजपुत्र एकाच गुरूचे शिष्य, म्हणजे एकमेकांचे गुरुबंधू ठरले असते, आणि त्या काळच्या दरबारी रिवाजात ते बसणारे नव्हते. म्हणून या तिघांना बानहौंचे शिष्य म्हणून नोंदवण्यात आले. त्यामुळे वू छ्वानयौ एका पायरीने खाली गेले आणि कागदोपत्री तिसऱ्या पिढीचे झाले. गंमत अशी की त्यांचे हे गुरू वयाने त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होते.

आता या आकड्यावरून काय ठरवायचे? छ्वानयौंचे हात लूचानांच्या हातांना लागलेले होते, तरी यादीत ते लूचानांच्या नातवांच्या रांगेत आहेत. ही खालची पायरी त्यांच्या योग्यतेमुळे आलेली नव्हती, वाड्यातल्या मानापमानामुळे आलेली होती. पुढे त्यांचे पुत्र वू ज्येनच्वान (1870–1942) यांनी जी पद्धत घडवली ती यांग पद्धतीच्या खालोखाल पसरलेल्या पद्धतींपैकी एक झाली. ज्यांना केवळ आकडा पाहून शिक्षकाची पारख करायची आहे, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

स्वरसाधक

निरंजन यांचे उदाहरण वाचून आपल्या गायकीच्या घराण्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापुरात राहिले. त्यांची गायकी त्यांच्या मुलांनी पुढे नेलीच, पण आज ती आपल्या कानांत आहे ती मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यामुळे. रक्ताचे नाते नसताना त्या घराण्याच्या मधोमध उभ्या आहेत. यांग घराण्यातही शिष्यत्वाचा असा रीतसर विधी असतो का, की वर्गात येणारा प्रत्येक जण शिष्य मानला जातो?

शोधयात्री

असतो, स्वरसाधक. वर्गात शिकणारे विद्यार्थी आणि गुरूने विधिपूर्वक स्वीकारलेले शिष्य यांत चिनी परंपरा स्पष्ट भेद करते. विधीच्या वेळी शिष्य गुरूला दंडवत घालतो, चहा देतो, आणि त्यानंतर त्याचे नाव वंशावळीत लिहिले जाते. विद्यार्थी हजारो असू शकतात, शिष्य मोजके. त्यामुळे 'मी अमक्यांकडे शिकलो' आणि 'मी अमक्यांचा शिष्य आहे' ही दोन विधाने एकसारखी नाहीत. माहितीपत्रक वाचताना यातले कोणते लिहिले आहे, ते आधी पाहावे.

वटवृक्ष

मी यांग पद्धतीचा नियमित सराव करणारा आहे. वंशावळीत नेमके काय हस्तांतरित होते, हे सरावाच्या बाजूने सांगण्याचा प्रयत्न करतो, कारण नावे आणि सनावळ्या वाचून ते कळत नाही.

'चिमणीची शेपटी धरणे' या नावाची हालचालींची एक साखळी आहे आणि सबंध क्रमात, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेत, ती पुन्हा पुन्हा येते. तिच्यात चार क्रिया येतात. पहिलीत पुढचा हात गोलाकार उचलला जातो, जणू छातीसमोरची जागा भरून निघते. दुसरीत कंबर वळते, वजन मागच्या पायावर जाते आणि समोरच्याचा हात आपल्या दोन्ही हातांच्या मध्ये येऊन बाजूला वाहून नेला जातो. तिसरीत मागचा तळवा पुढच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकतो आणि वजन पुन्हा पुढे येते. चौथीत हात वेगळे होतात, शरीर मागच्या पायावर बसते, आणि मग दोन्ही तळवे पुढे जातात. पाहणाऱ्याला हे सारे हात करत आहेत असे वाटते. प्रत्यक्षात हात स्वतःहून जवळजवळ काहीच करत नाहीत, त्यांना कंबर नेते.

आता गुरू काय करतो ते पाहा. चौथ्या क्रियेत तळवे पुढे जात असताना तो आपली दोन बोटे शिष्याच्या कोपराखाली ठेवतो. कोपर थोडे जरी बाहेर किंवा वर गेले तरी बोटांना ते कळते. कोपर वर गेले की खांदा वर जातो, खांदा वर गेला की छातीत श्वास अडकतो, आणि मग पायातून आलेला जोर हातापर्यंत पोहोचतच नाही. छंगफूंनी सांगितलेली आणि त्यांचे शिष्य चेन वेइमिंग यांनी लिहून घेतलेली दहा सूत्रे प्रसिद्ध आहेत. 'खांदे सैल सोडावेत, कोपरे खाली ठेवावीत' हे त्यांतले एक. सूत्र कोणीही पाठ करील, पण कोपर नेमके किती खाली, हे त्या दोन बोटांशिवाय समजत नाही. त्या बोटांचे कोपर पूर्वी कोणी दुरुस्त केले होते आणि त्या दुरुस्त करणाऱ्याचे कोणी, अशी मागे जाणारी जी रांग आहे, तिलाच मी परंपरा म्हणतो.

म्हणून कोणी मला आपली पिढी सांगितली, तर मी पुढचा प्रश्न विचारतो की गुरूसमोर उभे राहून किती वर्षे शिकलात, आणि त्या काळात त्यांनी तुमच्यासोबत 'हात ढकलणे' हा जोडीचा सराव केला का? त्या सरावात मनगटाला मनगट लावून दोघे वर्तुळ फिरवत राहतात आणि समोरच्याचा तोल कोठे आहे ते कातडीने ओळखायला शिकतात. हे शिक्षण स्पर्शाशिवाय होत नाही, त्यामुळे त्याचा साक्षीदारही तो स्पर्शच असतो.

मृगजळ

वटवृक्ष यांचे विवेचन पटले, तरी एक आक्षेप नोंदवतो. आज आपण ज्याला यांग पद्धत म्हणतो ती मुळात छंगफूंची पद्धत आहे. लूचान आणि बानहौ लढणारे होते. शाओहौ आखूड, वेगवान हालचालींचा, प्रसंगी उसळून जोर काढणारा क्रम शिकवत. छंगफूंनी हालचाली मोठ्या, सावकाश आणि एकसारख्या गतीच्या केल्या. मग घराण्याच्या नावाखाली जे टिकले तो मूळ विद्येचा सौम्य केलेला अवतार आहे, असे का म्हणू नये? धाकट्या भावाची पद्धत सर्वत्र गेली आणि थोरल्याची विरळ झाली. एवढ्यावरून धाकट्याचीच पद्धत खरी असे ठरत नाही.

शोधयात्री

मृगजळ, आक्षेप रास्त आहे, पण त्याला काळाची चौकट जोडल्याशिवाय निवाडा करू नये. 1911 च्या क्रांतीने चिंग राजवट कोसळली आणि वाड्यांत शिकवणाऱ्यांचा आश्रय एका झटक्यात गेला. 1912 मध्ये शू यूशंग यांनी बीजिंगमध्ये शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासासाठी संस्था काढली. शाओहौ, छंगफू आणि वू ज्येनच्वान तेथे सर्वसामान्यांना शिकवू लागले. समोर आता एकटा पहारेकरी नव्हता, कारकून, विद्यार्थी, आजारातून उठलेली माणसे यांचा घोळका होता. 1928 मध्ये राजधानी नानजिंगला गेली, आणि त्याच सुमारास छंगफू व वू ज्येनच्वान दोघांनी शांघाय गाठले. छंगफूंनी पुढे हांगचौ, ग्वांगचौ येथेही शिकवले. एवढ्या मोठ्या समुदायाला शिकवायचे तर क्रम समान, उड्यांविना आणि सावकाश असणे भागच होते.

शिवाय सावकाश म्हणजे सौम्य, हे समीकरण मला मान्य नाही. वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर नेताना वेग काढून घेतला की तोल सांभाळण्याची सगळी लबाडी उघडी पडते. वेगात चूक झाकता येते, संथपणात येत नाही. छंगफूंनी विद्या पातळ केली असे मला वाटत नाही. त्यांनी ती शिकवण्याची रीत बदलली, आणि ती रीत इतकी भक्कम निघाली की त्यांच्या पश्चात घराण्याला तिनेच तारले.

निरंजन

शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे, म्हणून त्याचा विस्तार करतो.

छंगफू 1936 मध्ये गेले, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. त्यांच्या चार मुलांची जन्मवर्षे पाहा. झेनमिंग 1910, झेनजी 1921, झेनडुओ 1926, झेनगुओ 1928. म्हणजे वडील गेले तेव्हा थोरले सव्वीस वर्षांचे होते आणि त्यांनी वडिलांच्या बरोबरीने शिकवले होते. झेनजी पंधरा वर्षांचे, झेनडुओ जेमतेम दहाचे आणि झेनगुओ आठचे. थोरले बंधू 1949 मध्ये हाँगकाँगला गेले आणि तेथे साउ-चुंग या नावाने ओळखले जाऊ लागले. ते 1985 मध्ये वारले. मुख्य भूमीवर राहिलेल्या तीन भावांपैकी दोघांना वडिलांकडून मिळाली ती बालपणीची तालीम.

मग पुढची चाळीस-पन्नास वर्षे घराणे कशावर उभे राहिले? थोरल्या भावाच्या शिकवणीवर, वडिलांच्या ज्येष्ठ शिष्यांवर, 1931 आणि 1934 मध्ये छंगफूंच्या नावे निघालेल्या पुस्तकांवर व त्यांतील छायाचित्रांवर, आणि सर्वांत अधिक त्या भावांच्या स्वतःच्या चिकाटीवर. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात जुन्या युद्धकला उघडपणे शिकवणे कठीण झाले होते. झेनडुओ शान्शी प्रांतातील तायुआन येथे स्थायिक होते. 1982 मध्ये त्यांनी तेथे प्रांताची यांग ताई ची संघटना उभी केली आणि तिच्या शाखा गावोगाव पसरवल्या. त्यांच्या कार्याकडे मी पाहतो तो या दृष्टीने. दहाव्या वर्षी वडील गमावलेल्या मुलाने वडिलांची विद्या पुन्हा जमवली आणि 2020 मध्ये निधन होईपर्यंत ती सोडली नाही. त्यांच्या वारशाचा अधिकार मला जन्मापेक्षा या श्रमात अधिक दिसतो.

ज्येष्ठ शिष्यांचाही उल्लेख झालाच पाहिजे. फू चोंगवेन (1903–1994) हेही युंगन्यानचेच. त्यांचा विवाह यांग घराण्याच्या नात्यातील मुलीशी झाला, आणि शांघायमध्ये 1944 मध्ये त्यांनी आपल्या गावाच्या नावाने ताई चीची संस्था काढली. त्यांचे पुत्र पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थला गेले, आणि आज त्या कुटुंबाचीही शिकवणाऱ्यांची तिसरी पिढी आहे. डोंग यिंगजिए (1897–1961) यांनी हाँगकाँगमध्ये शिकवले, आणि त्यांच्याही घरात मुलगा, नातू, पणतू अशी स्वतंत्र परंपरा चालू झाली. झेंग मानछिंग 1964 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि सदतीस हालचालींच्या संक्षिप्त क्रमाने त्यांनी अमेरिकेत एक वेगळेच वळण निर्माण केले. या सर्वांच्या शिष्यांनी आपली पिढी छंगफूंपासून मोजली तर ती तिसरी, चौथी, पाचवी अशी लागते. त्यात खोटे काही नाही. पण तो आकडा यांग कुटुंबातल्या माणसाच्या आकड्याशी जुळवून पाहणे निरर्थक आहे.

पाऊलवाट

ही सारी नावे पुरुषांची आहेत. या घराण्यांत स्त्रियांना विद्या दिली जात नव्हती का?

वटवृक्ष

पाऊलवाट, दिली जात होती, आणि काही शाखांत तर ती त्यांच्यामुळेच टिकली. वू ज्येनच्वान यांच्या कन्या वू यिंगह्वा (1907–1996) आणि जावई मा युएलियांग (1901–1998) यांनी शांघायमध्ये दीर्घकाळ वू पद्धत शिकवली. ज्येनच्वानांचे मुलगे हाँगकाँगकडे गेल्यावर शांघायमधील शाखेचा मुख्य आधार हे दांपत्यच होते.

सुन शाखेचे मूळपुरुष सुन लूतांग (1860–1933) आधीच इतर युद्धकलांत नाणावलेले होते. बीजिंगमध्ये आजारी पडलेल्या ताई चीच्या जाणकार हाओ वेइचेन यांची शुश्रूषा त्यांनी केली, आणि कृतज्ञता म्हणून हाओंनी त्यांना ताई ची शिकवली, तेव्हा सुन पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांची पद्धत पुढे जगाला दाखवली ती कन्या सुन ज्येनयुन (1914–2003) यांनी. वडिलांमागे सत्तर वर्षे त्या जगल्या, आणि आज सुन पद्धतीचे बहुतेक शिक्षक आपली वंशरेषा त्यांच्यातून काढतात.

यांग घराण्यातही हाँगकाँगच्या झेनमिंग यांनी आपल्या तीन मुलींना शिकवले. वारसदारांच्या मुख्य यादीत मुलींची नावे आलेली नाहीत हे खरे आहे, आणि ती यादी वाचताना ही उणीव लक्षात घ्यावीच लागेल.

पाऊलवाट

मनापासून आभार. सुन ज्येनयुन यांच्याविषयी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

शोधयात्री

अवश्य काढू. तोवर मूळ प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर नोंदवून ठेवतो, म्हणजे नव्याने वर्गाला जाणाऱ्यांना ते हाताशी राहील. शिक्षकाने पिढीचा आकडा सांगितला, तर तो कोणापासून मोजला आहे ते विचारावे, लूचानांपासून, छंगफूंपासून की आणखी कोणापासून. त्यांचे गुरू कोण, त्यांचा सहवास किती वर्षांचा, ते विधिपूर्वक शिष्य की वर्गातील विद्यार्थी, आणि जोडीचा सराव कोणाबरोबर झाला, हेही विचारावे. 1956 मध्ये चीनच्या क्रीडा आयोगाने तयार करून घेतलेला चोवीस हालचालींचा क्रम मुख्यतः यांग पद्धतीवर बेतलेला आहे, आणि आपल्याकडच्या अनेक वर्गांत तोच शिकवला जातो. तो उपयुक्त आहे, पण समितीने बसवलेला आहे आणि कोणत्याही कुटुंबाच्या पिढीत मोजला जात नाही. तो शिकवणाऱ्याने 'यांग घराण्याची सहावी पिढी' असे लावले असेल, तर त्याच्याकडून घराण्याचा लांब क्रम, एकशे तीन किंवा पंच्याऐंशी असा मोजला जाणारा, पाहायला मागावा. हालचाली त्याच आहेत, केवळ मोजण्याची रीत निराळी आहे, त्यामुळे आकड्यातील त्या फरकाने गोंधळून जाऊ नये.